उलटे मास्तर

आमच्या ह्यांना अख्खी शाळा 'उलटे मास्तर' म्हणायची. मला ते कळलं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. एक शेंबडं पोर दारात येऊन विचारतं, "उलटे मास्तर आहेत का घरात?" मी नवी नवरी असले म्हणून काय झालं, माझं तोंड काही नवं नव्हतं. म्हटलं, "उलटा असशील तू! चल, चालता हो इथून." तेवढ्यात हे आतून हसत आले, त्या पोराला हवा भरलेला चेंडू दिला आणि वाटेला लावलं. मला म्हणाले, "अगं, त्याच्यावर कशाला डाफरतेस? खरंच आहे ते. उद्या मैदानावर ये, म्हणजे कळेल."

गेले. मैदान म्हणजे शाळेच्या मागचं मातीचं पटांगण. एका कडेला तारेची जाळी, दुसऱ्या कडेला सायकली लावायचा पत्रा, मध्ये फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेघा. पोरं रांगांत उभी आणि आमचे मास्तर त्यांच्याकडे तोंड करून. शिट्टी वाजली. "उजवा हात वर!" असं खणखणीत ओरडले आणि स्वतः वर केला डावा. "डावा पाय पुढे!" आणि पुढे टाकला उजवा. मी जाळीला धरून उभी होते, कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, म्हटलं, ज्याला उजवं-डावं कळत नाही त्याच्या गळ्यात मला बांधली! मग पोरांकडे बघितलं. एकूण एक पोराचा हात बरोबर होता.

घरी येताना त्यांनी समजावलं. "लहान पोर ऐकत नाही, बघतं. मी समोर उभा राहिलो की मी त्याचा आरसा. आरशात ज्या बाजूचा हात दिसेल त्या बाजूचा ते उचलतं. मी माझा उजवा उचलला तर त्याचा डावा वर जाणार. म्हणून आपणच उलटं व्हायचं."

"त्यापेक्षा पाठ करून उभं राहावं," मी म्हटलं. "बाकीचे पीटीवाले तसंच करतात ना?"

"आणि मग मला काय दिसणार? कोणाचा गुडघा लटपटतोय, कोण रडकुंडीला आलंय, कोण शेजारच्याला चिमटे काढतंय? छे! पोरांना पाठ दाखवायची नाही." हा त्यांचा कायदाच होता.

ही सवय अंगात इतकी मुरली की मैदान असो नसो, समोर माणूस आला की हे उलटे व्हायचे. माझ्या भावाच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा उजवीकडे सरका." हे सरकले डावीकडे. "अहो, उजवीकडे!" हे आणखी डावीकडे. त्या फोटोत नवरदेवाचा एक कान दिसतो, बाकी सगळे आमचे मास्तर. माझी भावजय अजून तो फोटो दाखवून टोमणे मारते.

माझं शिवणकाम. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, त्याच्या बाजूला कापडांचं कपाट, आणि उरलेल्या जागेत आमचा संसार. "अहो, कात्री कुठे ठेवलीत?" मी विचारलं की आतून उत्तर यायचं, "उजवीकडे." "कोणाच्या?" "तुझ्या गं, तुझ्याच." त्यांच्या तोंडी उजवं म्हणजे कायम समोरच्याचं उजवं. स्वतःच्या बाजूने बोलणं त्या माणसाला कधी जमलंच नाही. मी चिडायचे, पण कात्री माझ्या उजव्या हाताला असायची.

शाळेत पीटी म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई येऊन म्हणणार, "मास्तर, आजचा तास मला द्या, तुमचं काय, नुसतं खेळायचंच ना?" ह्यांचा आवाज शिट्टीइतकाच मोठा, पण अशा वेळी हे 'घ्या ना' म्हणून तास देऊन टाकायचे. घरी येऊन मात्र माझ्यासमोर तोफ. "खेळायचंच ना म्हणे! धावणं, झेलणं, एका पायावर तोल धरणं हे काय पोर पोटातून शिकून येतं? कोणीतरी शिकवावं लागतं. नाही शिकवलं तर ते पोर जन्मभर भिंतीला टेकून उभं राहतं आणि म्हणतं, मला खेळ आवडत नाही." मी म्हणायचे, "हे त्या बाईंना सांगा ना. मला सांगून काय उपयोग? मी कुठे तुमचा तास मागितला?"

एक मुलगी होती त्यांच्या वर्गात. चेंडू आला की डोळे गच्च मिटायची. बाकीची पोरं तिला संघात घ्यायची नाहीत. हे दोन-चार दिवस नुसते तिला बघत राहिले, मग एका संध्याकाळी मशीनपाशी येऊन चिंध्या चिवडायला लागले. "अगं, हे जाळीचं कापड उरलंय ना फ्रॉकचं, त्याचे रुमाल कापून दे." दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर तो रुमाल हवेत उडवला. हलकं कापड, ते काय धपकन पडतंय? तरंगत तरंगत खाली आलं, आणि तिला घाबरायला काही राहिलंच नाही. तिने डोळे उघडे ठेवून झेललं. मग माझ्याकडून वाळूच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्या. पिशवी घरंगळत नाही, हातात बसते. रुमालानंतर पिशवी, पिशवीनंतर मोठा मऊ चेंडू, मग खरा. ज्या दिवशी तिने खरा चेंडू झेलला त्या दिवशी हे घरी नाचत आले. लाज नाही लज्जा नाही, पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसलेलं, आणि हे त्या बाईला झेल कसा घेतला ते करून दाखवतायत.

त्यानंतर माझी चिंधी कधी कचऱ्यात गेली नाही. शाळेच्या सामानाच्या खोलीत जुने डंबेल्स आणि रबराचा वास मारणाऱ्या गाद्या यांच्यामध्ये माझ्या रंगीबेरंगी पिशव्यांची टोपली असायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. नातेवाईक विचारायचे तेव्हा हे हसून म्हणायचे, "शाळाभर आहेत की." मला त्या उत्तराचा फार राग यायचा. त्यांची होती शाळाभर, माझी कुठे होती? पण त्या टोपलीकडे बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

निवृत्तीचं वर्ष आलं. मी एका सकाळी नव्या पिशव्या द्यायला शाळेत गेले होते. कवायत चालू होती. "उजवा हात वर!" हे ओरडले आणि उजवा हात वर केला. स्वतःचा उजवा. रांगांत नुसता गोंधळ. जी पोरं ऐकत होती त्यांचा उजवा वर, जी बघत होती त्यांचा डावा, कोपराला कोपर आदळतंय, कोणी कोणाच्या कानफटात देतंय. पोरं खिदळायला लागली. व्हरांड्यातून गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो बघा, उलटे मास्तर सरळ झाले!" सगळे हसले. मीही हसले. हे पण हसले. पण हसून झाल्यावर सगळ्यांचे हात खाली आले, ह्यांचा आला नाही. हात तसाच वर, आणि हे मान वर करून त्याच्याकडे बघत होते.

मग एकेक सुरू झालं. शिट्टी गळ्यात आणि घरभर शिट्टी शोधतायत. बुटाची नाडी हातात धरून बसून राहतायत. शाळा सुटून घरी यायला निघायचे आणि भलत्याच गल्लीत जाऊन उभे राहायचे. मग कोणीतरी जुना विद्यार्थी हाताला धरून आणून सोडायचा. मी म्हणायचे, "कुठे लक्ष असतं तुमचं?" ते म्हणायचे, "थकलोय गं जरा." दोघंही एकमेकांना बनवत होतो. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, त्याशिवाय मैदानावर उतरायचं नाही.

डॉक्टर तरुण होते, वागायला सभ्य. ह्यांच्या समोर स्टुलावर बसले. "उजवा हात वर करा." ह्यांनी डावा केला. "उजव्या हाताने डावा कान धरा." ह्यांनी डाव्या हाताने उजवा धरला. डॉक्टरांनी पेन उचललं तशी मी उसळले. "अहो थांबा, लिहू नका! ते चुकलेले नाहीत. ते उलटे मास्तर आहेत!" आणि सगळं सांगितलं, आरसा, पोरं, फोटोतला कान, सगळं. डॉक्टर मनापासून हसले. "असं आहे होय? मग मीच समोरून उठतो." स्टूल घेऊन ह्यांच्या मागे जाऊन बसले. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! एवढंच होतं तर. सवय होती, आजार नव्हता. मी समोरच्या खुर्चीत पाय लांब करून बसले.

"आता उजवा हात वर करा," डॉक्टर मागून म्हणाले.

ह्यांनी आधी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अशी केविलवाणी नजर मी त्या माणसाची कधी पाहिली नव्हती. माझ्याच्याने राहवेना. मांडीवरचा माझा डावा हात मी हळूच वर उचलला. ताबडतोब ह्यांचा उजवा वर गेला. "छान," डॉक्टर म्हणाले. "डाव्या हाताने नाक धरा." मी माझा उजवा हात नाकाला लावला, ह्यांनी डावा लावला. "वा!" मला तर वाटलं, जिंकलो आपण. आणखी दोन प्रश्न झाले, तेही बरोबर. मग डॉक्टर जरा थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसता का थोडा वेळ?"

चोर पकडला गेला. बसले भिंतीकडे तोंड करून. समोर कॅलेंडर होतं, मागच्या महिन्याचं पान कोणी उलटलं नव्हतं. पाठीमागून डॉक्टरांचा आवाज आला, "उजवा हात वर करा." काही नाही. "सावकाश करा, घाई नाही." काही नाही. खुर्ची करकरली. आणि मग ह्यांचा आवाज आला, लहान पोरासारखा, "अगं, कुठे गेलीस?"

मी हाताच्या अंतरावर होते हो. हात मागे केला असता तर लागले असते. पण डॉक्टरांनी भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं होतं.

मेंदू झिजतोय, डॉक्टर म्हणाले. औषध देतो, पण गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही हळूहळू जाणार. चिठ्ठी काही देता येणार नाही. भला माणूस, मला रडू दिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी आल्यावर मात्र हे एकदम नेहमीसारखे. चहा घेतला, बशी धुऊन ठेवली, आणि मशीनच्या स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "मला सगळं कळलंय, तू लपवू नकोस. आता एकच कर. निरोपाचं भाषण नको, खुर्चीत बसवून फोटो नको. क्रीडादिनाला मला एकदा पोरांसमोर उभं राहू दे. त्यांच्याकडे तोंड करून. एकदाच. नंतर मग काय व्हायचं ते होऊ दे." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे चिंध्यांशिवाय काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसून शाळेत गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत नवीन पीटीच्या बाईही बसल्या होत्या, ह्यांच्या जागी आलेल्या, वयाने अगदी कोवळ्या. मी सुरुवातच वरच्या पट्टीत केली. "आयुष्य काढलंय त्यांनी तुमच्या मातीत. एक कवायत देत नाही म्हणता?" मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते चुकणार. पोरं हसणार. पोरांचं सोडा, पालक हसणार. तुम्हाला ते बघवेल? मला नाही बघवणार." आता याच्यावर काय भांडायचं? आणलेलं भांडण तसंच्या तसं घेऊन मी घरी आले.

मशीनवर बसले पण टाके वाकडे जायला लागले. कंटाळून दोन्ही हात वर करून आळस दिला. समोर हे बसले होते, त्यांचेही दोन्ही हात वर. मी बोटाने मशीनवर ताल धरला, त्यांनी मांडीवर धरला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरांकडे जमलं कारण मी समोर होते. मैदानावर ह्यांच्या समोर कोण असतं? पोरं. मग पोरांच्या मागे, शेवटच्या रांगेच्याही मागे मी उभी राहिले तर? पोरांसारखीच मी उजवा हात वर करणार. मला बघून हे डावा करणार. म्हणजे जन्मभर करत आले तस्सेच, उलटे! पोरांना उलटे मास्तर दिसतील आणि मास्तरांना मी दिसेन.

मी शिलाई तशीच टाकून ह्यांचा हात धरला आणि पुन्हा शाळा गाठली. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलापाशी ह्यांना उभं केलं आणि समोर मी. हात वर, हात बाजूला, पाय पुढे, गिरकी सोडून सगळं करून दाखवलं. हे माझ्याबरोबर, जरासुद्धा मागे नाहीत. बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. "फक्त लहान वर्गांची कवायत," शेवटी म्हणाल्या, "आणि पालकांना सुगावा लागता कामा नये." नवीन बाई म्हणाल्या, "हुकूम मी माइकवर देईन. मास्तरांनी नुसतं करायचं." मी त्या पोरीचा गालगुच्चाच घेणार होते.

पण मला कुठे येत होती कवायत? माझा सगळा व्यायाम एका पायाने मशीन हाणण्याचा. मग ह्यांनीच शिकवली. जे तास बरे जायचे त्या तासांत, कपाट आणि मशीनच्या मधल्या जागेत. "कोपर ताठ, शिलाईबाई! कापड मोजतेस का?" मी बसले की गुडघे कडाकडा वाजायचे. "ऐकलं का, टाळ्या पडल्या," ते म्हणायचे. "टाचेवर नको, चवड्यावर जोर दे. पडलीस तर मी आहे." किती हसलो असू आम्ही त्या दिवसांत. शेजारीण एकदा डोकावली आणि काही न विचारता परत गेली.

काही दिवस तास बरे जायचे नाहीत. ही बाई समोर उभी राहून हात का हलवतेय, हेच त्यांना कळत नसायचं. तरी त्यांचे हात माझ्याबरोबर वर जायचे. हळूहळू असे दिवस वाढत गेले. मला सगळी कवायत पाठ झाली तोवर त्यांच्याकडे त्यातलं काही उरलं नव्हतं. आणि ज्या माणसाने हे मागितलं होतं तो माणूस त्या दिवसापर्यंत टिकतो की नाही, याची मला धास्ती लागली. मी रोज सकाळी विचारायचे, "क्रीडादिन आहे ना, लक्षात आहे?" ते म्हणायचे, "हो हो." मग एके दिवशी म्हणाले, "कोणाचा?"

क्रीडादिन उजाडला. मी त्यांना पांढरा सदरा-पँट घातली, गळ्यात शिट्टी अडकवली. मैदानाच्या दोन्ही बाजूंना पालकांच्या खुर्च्या, नव्याने मारलेली फक्की, एका टोकाला लाकडी चौथरा. नवीन बाईंनी ह्यांना हाताला धरून चौथऱ्यावर चढवलं. मी मागे सायकलींच्या पत्र्यापाशी उभी राहिले. शेवटच्या रांगेतल्या एका चिमुरडीने वळून मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही कितवीत?" मी म्हटलं, "तुझ्याच वर्गात. गप, समोर बघ."

हे चौथऱ्यावर उभे. नजर भिरभिरत होती. खुर्च्या, पोरं, झेंडे, परत खुर्च्या. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. पोरांच्या डोक्यांवरून त्यांची नजर आली आणि माझ्यावर थांबली. त्यांनीही दोन्ही हात वर नेऊन हलवले. पालकांना वाटलं मास्तर आपल्याला हात करतायत, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"उजवा हात वर!" माइकवरून आवाज आला. माझा उजवा वर, पोरांचे उजवे वर, आणि तिकडे चौथऱ्यावर ह्यांचा डावा. "डावा पाय पुढे!" ह्यांचा उजवा. कोपर ताठ, टाच जमिनीला, एक रांग हलली नाही की एक पोर चुकलं नाही. खुर्च्यांमधून कोणीतरी म्हणालं, "उलटे मास्तर अजून तसेच आहेत बघा! आमच्या वेळी पण असेच." मला कानांत साठवून घ्यावं असं वाटलं ते. बसा झालं, उठा झालं, माझे गुडघे वाजले, एका पायावर उभं राहणंही झालं. हे माझ्याकडे असे टक लावून बघत होते की नवरा म्हणून त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. सगळं लक्ष माझ्यावर. शाळेतल्या पोरांना इतकी वर्षं हे मिळत होतं, आणि मला ते आज मिळत होतं, आता, जेव्हा त्यांना मी कोण ते कळत नव्हतं.

आणि तिथे माझा घात झाला. डोळे भरून आले. मी खूप आवरलं, पण समोरचं दिसेना. शेवटी उजव्या हाताच्या मागच्या बाजूने मी डोळे पुसले.

चौथऱ्यावर ह्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले.

पहिल्या रांगेने पुसले. दुसऱ्या रांगेने पुसले. बघता बघता अख्ख्या मैदानावरची पोरं उजव्या हाताने डोळे पुसायला लागली, अगदी शिस्तीत, रांग न मोडता. पालक आधी हसले, त्यांना वाटलं हाही कवायतीचाच भाग. मग चौथऱ्यावरच्या माणसाची नजर कुठे लागलीय ते एकाने बघितलं, मग दुसऱ्याने, आणि खुर्च्याच्या खुर्च्या मागे वळल्या. मी तिथे उभी, पोरांच्या मागे, हात डोळ्यांवर. हात खाली घ्यायची सोय नाही, माझा हात खाली येईपर्यंत कोणाचाच येणार नव्हता. हसणं एकदम थांबलं. कोणीही हसलं नाही हो. माइकवरून नवीन बाई कशाबशा म्हणाल्या, "हात खाली. सावधान." मी हात खाली घेतला. त्यांनी घेतला. पोरांनी घेतला.

हे चौथऱ्यावरून स्वतःच उतरले. नवीन बाई धावल्या, पण त्यांनी हात सोडवून घेतला आणि रांगांमधून सरळ माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, ओळखलं. जवळ येऊन किंचित वाकले, पोरांशी बोलताना वाकायचे तसे, आणि म्हणाले, "रडायचं नाही हं. पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं." मग माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "चवड्यावर जोर देत जा." माझ्या डोक्यावर थोपटलं आणि पुढच्या पोराकडे वळले.

आता ते घरीच असतात. बोलणं जवळजवळ संपलंय. डॉक्टर म्हणाले होते तसंच एकेक जातंय, पण समोरच्याचं बघून करणं अजून गेलेलं नाही. म्हणून सकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहते. माझा डावा हात वर करते, त्यांचा उजवा वर जातो, बाही चढते. मग उजवा, मग त्यांचा डावा. मी तोंड उघडते, ते उघडतात, घास जातो. कुठला हात उचलायचा हे सुरुवातीला मी विचार करून करायचे. आता विचार करावा लागत नाही. परवा भाजीवाला म्हणाला, "ताई, उजवीकडची जुडी घ्या," आणि मी डावीकडची उचलली.

रडण्याची तेवढी पंचाईत झालीय. मी रडले की ते रडतात, आणि मी थांबेपर्यंत थांबत नाहीत. कशासाठी रडतोय ते त्यांना ठाऊक नसतं, त्यामुळे समजूत तरी कशी घालणार? पाठ फिरवून रडावं तर मागून लगेच चुळबुळ सुरू होते, शोधायला लागतात. म्हणजे तीही सोय नाही. पाठ दाखवायची नाही, हा त्यांचाच कायदा.

आणि त्यांनी हसावं असं वाटलं तर आधी मला हसावं लागतं. तेव्हा रोज सकाळी बाह्या चढवून झाल्या, बटणं लावून झाली, की मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसते, त्यांच्याकडे तोंड करून, आणि हसते. थोडा वेळ लागतो. मग तेही हसतात.